वीस आठवड्यांची मर्यादा आणि सोनोग्राफीचा अहवाल : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रास्ताविक

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा भारतीय संसदेने १९७१ साली संमत केला व १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात लंडनमधील डॉ. स्ट्युअर्ट कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक टिपण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गर्भाच्या डोक्याची कवटी तयारच झालेली नाही, हे सतराव्या आठवड्यात ध्वनिलहरींच्या साहाय्याने ओळखता आले आणि त्या निदानावरून गर्भधारणा थांबविण्यात आली, अशी ती नोंद होती. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. आपल्या कायद्याच्या मसुदाकारांसमोर असे यंत्र नव्हते आणि लंडनच्या डॉक्टरांना भारतीय कायद्याशी कर्तव्य नव्हते. तथापि पुढील पन्नास वर्षांत महाराष्ट्रातील असंख्य गर्भवती स्त्रिया व त्यांचे पती ज्या चिंतेतून गेले, ती या दोन घटनांच्या मधल्या जागेत घडली, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. कायद्याने वीस आठवड्यांची रेषा यंत्र येण्यापूर्वी आखली. यंत्र आले तेव्हा ते नेमके अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास बोलू लागले.

सोनोग्राफीविषयीचे आपल्याकडील सामाजिक-ऐतिहासिक लेखन प्रामुख्याने लिंगनिदान व स्त्रीभ्रूणहत्या या प्रश्नांभोवती झाले आहे. ते आवश्यकच होते. परंतु त्यामुळे सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर येणाऱ्या दुसऱ्या एका प्रश्नाकडे, म्हणजे 'बाळ नीट आहे ना?' या प्रश्नाकडे, इतिहासलेखनाचे दुर्लक्ष झाले. प्रस्तुत टिपणात या दुसऱ्या प्रश्नाचा मागोवा कायदे, न्यायालयीन निर्णय व प्रसिद्ध वैद्यकीय संशोधन यांच्या आधारे घेतला आहे. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील सलग पट्टा डोळ्यांसमोर ठेवला आहे. गर्भनिदानाचा प्रश्न एका विशिष्ट आजाराच्या निमित्ताने या पट्ट्यातील एका समाजापुढे इतरांच्या आधी उभा राहिला, हे या निवडीचे मुख्य कारण होय.

सटवाईचे लिखाण आणि अहवालाचे लिखाण

गर्भाविषयीची भीती सोनोग्राफीने निर्माण केली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ग्रहणाच्या वेळी गर्भवतीने काही चिरू-कापू नये, नाहीतर बाळाचा ओठ फाटलेला निघतो, ही समजूत महाराष्ट्राच्या सर्व थरांत आढळते. जन्मजात व्यंगाचा तो एक जुना कार्यकारणभाव होता आणि त्यात दोष बहुधा आईच्या वाट्याला येई. जन्मानंतरच्या सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशीही आपली श्रद्धा आहे. या दोन्ही समजुतींमध्ये एक गोष्ट समान होती : जे काही झाले आहे ते बाळ हाती आल्यावरच कळणार. तोपर्यंतचा काळ नवस, पथ्य, डोहाळजेवण आणि थोरल्या बायकांचा अनुभव यांच्या आधाराने काढायचा असे.

सोनोग्राफीने हा क्रम उलटा केला. हे तंत्र मूळचे कारखान्यातले. धातूच्या जोडकामातील भेगा शोधण्यासाठी ध्वनिलहरींचा उपयोग होत असे. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली बॉयलर बनविणाऱ्या एका कारखान्यातील असे यंत्र मानवी गाठींवर वापरून पाहिले आणि १९५८ मध्ये त्यांचा प्रसिद्ध निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. (अंबरनाथसारख्या, आयुध निर्माणीच्या भोंग्यावर दिनक्रम ठरलेल्या गावातील वाचकाला ही वंशावळ विशेष परकी वाटू नये.) भेग शोधणारे यंत्र गर्भाशयाकडे वळले तेव्हा त्याची नजरही भेग शोधणाऱ्याचीच राहिली. अहवाल सगळे ठीक असल्याचे सांगतो, तेही दोष आढळला नाही अशा भाषेत.

घर आणि दवाखाना यांच्या कालगणनेतही फरक पडला. आपल्या घरांत गर्भारपण महिन्यांनी मोजले जाते. पाचवा लागला, सातवा भरला, असे बोलले जाते. दवाखाना शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे आणि वर दिवस मोजतो. ज्या घरात 'आत्ताच तर पाचवा लागला' म्हणून निश्चिंती असते, त्याच घराच्या कागदावर 'एकोणीस आठवडे चार दिवस' असे लिहिलेले असते आणि कायद्याच्या दृष्टीने, २०२१ पर्यंत, त्या घराकडे तीनच दिवस उरलेले असत. या दोन पंचांगांमधील अंतर हा चिंतेच्या इतिहासातील एक ठोस घटक आहे. त्याची दखल आपल्या कायदेविषयक लेखनात क्वचितच घेतली गेली.

छावणीचा वारसा

उल्हासनगरची स्थापना सर्वपरिचित आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावण्यांचे क्रमांक आजही पत्त्यांत टिकून आहेत. निर्वासितांनी सोबत काय आणले याच्या याद्या अनेकांनी केल्या आहेत. भाषा, व्यापाराची रीत, झुलेलालची उपासना, चालिहोचे चाळीस दिवसांचे व्रत. या यादीत रक्तातून आलेली एक गोष्ट राहून जाते.

बीटा थॅलसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक विकार होय. त्याचा वाहक निरोगी असतो व बहुधा त्याला स्वतःलाही आपण वाहक असल्याचे ठाऊक नसते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी बाळाला गंभीर स्वरूपाचा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी आयुष्यभर रक्त द्यावे लागते आणि त्या रक्तामुळे शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी वेगळी औषधे घ्यावी लागतात. भारतात वाहकांचे सरासरी प्रमाण ३ ते ४ टक्के मानले जाते. सिंधी समाजातील निरनिराळ्या पाहण्यांत ते त्याहून बरेच अधिक आढळले आहे. कच्छी भानुशाली, लोहाणा इत्यादी समाजांतही ते अधिक आहे. त्यामुळे हा 'सिंध्यांचा आजार' असल्याची बोलीभाषेतील समजूत चुकीची तर आहेच, शिवाय मराठी कुटुंबांना खोटी निश्चिंती देणारी आहे.

असे प्रमाण का वाढले असावे, याचे आज सामान्यतः स्वीकारले जाणारे स्पष्टीकरण जे. बी. एस. हाल्डेन यांचे आहे. हिवतापाच्या प्रदेशात थॅलसेमियाच्या वाहकांना त्या तापापासून काहीसे संरक्षण मिळत असावे आणि म्हणून हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला असावा, हे अनुमान त्यांनी १९४९ साली प्रसिद्ध केले. उल्हासनगरच्या नामकरणाचेही तेच वर्ष. सिंधू नदीच्या खोऱ्यात जे पूर्वजांच्या उपयोगी पडले, ते उल्हास नदीच्या काठी नातवंडांच्या काळजीचे कारण झाले. त्यात समाजांतर्गत विवाहाची रीत होती आणि निर्वासित समाजाला ती सोडणे अधिकच कठीण होते. ज्याचे गाव गेले आहे, तो आपले गोत सहजी सोडत नाही.

मुंबईत परळ येथील के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली संस्था पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून नावारूपास आली. हिमोग्लोबिनच्या विकारांचे गर्भावस्थेतील निदान १९८० च्या दशकापासून ज्या थोड्या ठिकाणी होऊ लागले, त्यांत ही संस्था अग्रभागी होती. सुरुवातीची पद्धत अशी : सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत नाळेत सुई घालायची, गर्भाचे थोडे रक्त काढायचे आणि त्याची तपासणी करायची. हे साधारण अठराव्या आठवड्यापूर्वी जमत नसे. गर्भ दगावण्याचा धोका होता. निकाल हाती येईपर्यंत वीस आठवड्यांची रेषा समोर दिसू लागे. बाळाची हालचाल आईला जाणवू लागण्याचाही हाच काळ. पुढे वारेच्या उतीचा सूक्ष्म नमुना दहाव्या ते बाराव्या आठवड्यात घेण्याची पद्धत आली आणि डीएनए तपासणीमुळे निदान त्यावरून होऊ लागले. वैद्यकीय ग्रंथांत या बदलाचे वर्णन अचूकता व सुरक्षितता या निकषांवर केले जाते. पालकांच्या दृष्टीने पाहिले तर त्यातील सर्वांत मोठी गोष्ट ही की, दोन महिन्यांची वाट पाहणे वाचले आणि उत्तर पोट दिसू लागण्यापूर्वी, म्हणजे शेजारीपाजारी कळण्यापूर्वी, मिळू लागले.

शेजारीपाजाऱ्यांचा उल्लेख सहज केलेला नाही. सिंधी पंचायतींनी व सेवाभावी संस्थांनी विवाहापूर्वी रक्ततपासणीचा प्रचार केला, शिबिरे भरविली. पत्रिका जुळविण्याआधी रक्त जुळवा, असा त्यांचा आग्रह होता. परंतु तपासणीचा कागद लग्नाच्या बाजारात मुलीच्या विरुद्ध वापरला जाण्याची भीतीही खरी होती. वाहक मुलगा आणि वाहक मुलगी यांच्याकडे समाज सारख्या नजरेने पाहत नाही. सायप्रसमध्ये चर्चने विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागण्यास सुरुवात केली आणि तेथे गंभीर थॅलसेमियाग्रस्त बालकांचे जन्म जवळजवळ थांबले, हे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते. सायप्रस हे छोटे बेट आहे आणि तेथे विवाहाची नोंद बहुतांशी एकाच संस्थेच्या हाती होती, हे मात्र सांगितले जात नाही. आपल्याकडे व्यवहारात वेगळाच मार्ग रूढ झाला : लग्नानंतर, गर्भ राहिल्यावर, प्रथम पत्नीचे रक्त तपासायचे आणि ती वाहक निघाली तर पतीचे. नाव नोंदवायला तिसरा-चौथा महिना उजाडला की या दुहेरी तपासणीत आठवडे जात आणि लवकर निदानाच्या पद्धतीचा लाभ हातचा निसटे.

तरीही एक फरक महत्त्वाचा आहे. थॅलसेमियाच्या बाबतीत चिंतेला समाजाची एक चौकट मिळाली. आजाराला नाव होते, आधीचे मूल किंवा नात्यातले मूल डोळ्यांसमोर होते, कोठे जायचे ते माहीत असलेले कोणीतरी छावणीत भेटत असे. परळची वाट आधी कोणी तरी चाललेले होते. अंबरनाथ–बदलापूरच्या नव्या इमारतींमध्ये राहणाऱ्या जोडप्याला पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत काही 'दिसले' तर अशी कोणतीच वाट ठाऊक नसे.

भिंतीवरचा फलक

अंबरनाथ शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे (शके ९८२) इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे आणि विसाव्या शतकात ते आगपेटी, रसायने व आयुध निर्माणी यांचे गाव झाले. बदलापूरची वाढ अधिक अलीकडची. गिरणगावातील १९८२ च्या संपानंतर आणि मुंबईतील घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्यावर लालबाग, परळ, गिरगाव, दादर येथील मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने या बाजूला सरकली. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख, अंबरनाथची अडीच लाख आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. ही घरे बहुतांशी दोन माणसांची, नोकरी मुंबईत, सासर-माहेर कोकणात वा घाटावर. बदलापूरपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. पुढे अंबरनाथ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, कामगार विमा रुग्णालय आणि खासगी प्रसूतिगृहे एवढाच स्थानिक आधार होता. गुंतागुंतीचा अहवाल आला की मुंबईच गाठावी लागे.

या पट्ट्यात सोनोग्राफी केंद्रे पसरली त्याच काळात महाराष्ट्रात लिंगनिदानाविरुद्धची चळवळ व कायदे आकाराला आले. १९८० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत स्त्री-संघटना, आरोग्य कार्यकर्ते व वैज्ञानिक यांनी एकत्र येऊन लिंगनिदानविरोधी मंच स्थापन केला. त्यांच्या प्रयत्नांमुळे महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तो कागदावरच राहिल्याने 'सेहत', 'मासूम' या महाराष्ट्रातील संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे राज्यातील प्रमाण १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होते. या आकड्यांपुढे कायद्याच्या गरजेविषयी वाद संभवत नाही.

वाद आहे तो त्याच्या एका अनपेक्षित परिणामाविषयी. मूळ कायद्यात गर्भनिदानाची उद्दिष्टे स्पष्ट नमूद आहेत : गुणसूत्रांतील दोष, आनुवंशिक चयापचयाचे आजार, हिमोग्लोबिनचे विकार, जन्मजात व्यंगे. म्हणजे ज्या तपासणीसाठी उल्हासनगरचे जोडपे परळला जात होते, तिला कायद्याने मान्यताच दिली होती. परंतु केंद्राच्या भिंतीवर जो फलक लागला तो एकाच गोष्टीचा, येथे लिंगनिदान होत नाही याचा. गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास मनाई झाली. गर्भवतीकडून, आपल्याला लिंग जाणून घ्यायचे नाही, असे लेखी घेतले जाऊ लागले. नोंदीतील त्रुटी हाही गुन्हा ठरला. पुष्कळ केंद्रांत पडदा डॉक्टरकडे वळलेला आणि पती दाराबाहेर बसलेला, ही मांडणी रूढ झाली.

एका गोष्टीविषयी कायद्याने लादलेले मौन हळूहळू इतर गोष्टींवरही पसरले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तपासणी करणारा डॉक्टर बोलत नाही, 'तुमच्या मॅडमना दाखवा' एवढेच म्हणतो. मॅडमचा दवाखाना संध्याकाळी सातला उघडतो. मधल्या वेळात इंग्रजी अहवाल पती-पत्नींच्या हातात असतो. त्यातले 'कोरॉइड प्लेक्सस सिस्ट' किंवा हृदयातील 'इकोजेनिक फोकस' हे शब्द बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. बाकी सर्व व्यवस्थित असेल तर डॉक्टर त्यांना फारसे महत्त्व देत नाहीत. पण त्या चार-पाच तासांत ते घरात काय करतात, हे ज्यांच्या घरात असा कागद आला आहे त्यांना ठाऊक आहे. मग नात्यातील परिचारिकेला फोन होतो, कल्याण किंवा ठाण्याला दुसरी सोनोग्राफी ठरते, सासूबाई ग्रहणाची आठवण काढतात. माहेरी काही कळवायचे नाही असे ठरते आणि दोन महिन्यांवर आलेल्या डोहाळजेवणाची बोलणी पुढे ढकलली जातात. गर्भसंस्कारांची पुस्तके याच काळात मराठी मध्यमवर्गात घरोघरी पोहोचली. आईने ऐकलेले संगीत आणि तिच्या मनातील विचार बाळाला घडवितात, ही त्यांतील शिकवण सुखाच्या दिवसांत सुखद असते. अहवाल वाईट आला की तीच शिकवण ग्रहणाच्या समजुतीप्रमाणे आईकडे बोट दाखवते.

वीस आठवडे

१९७१ च्या कायद्याची पार्श्वभूमी येथे पाहणे आवश्यक आहे. केंद्र सरकारने १९६४ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शाह हे होते आणि समितीचा अहवाल १९६६ च्या अखेरीस सादर झाला. समितीपुढील मुख्य प्रश्न असुरक्षित गर्भपातामुळे होणाऱ्या स्त्रियांच्या मृत्यूंचा होता. बाराव्या आठवड्यापर्यंत एका आणि विसाव्या आठवड्यापर्यंत दोन डॉक्टरांचे मत, ही रचना आईच्या सुरक्षिततेच्या हिशेबाने झाली. जन्मणाऱ्या मुलाला गंभीर शारीरिक वा मानसिक व्यंग असण्याची मोठी शक्यता, हे कारणही कायद्यात होते. परंतु त्या काळी ही शक्यता आईला झालेला संसर्ग, घेतलेली औषधे किंवा कुटुंबाचा पूर्वेतिहास यांवरून वर्तवायची होती. गर्भ पाहण्याची सोय नव्हती. कारण कायद्यात आले, पण ते सिद्ध करणारे साधन दशकभराने पोहोचले आणि मर्यादा मात्र जिथल्या तिथे राहिली.

परिणामी एक विचित्र वेळापत्रक तयार झाले. गर्भाचे अवयव नीट पाहण्याची सोनोग्राफी अठराव्या ते विसाव्या आठवड्यात. हृदयाचे बारकावे त्याहूनही थोडे उशिरा स्पष्ट होतात. गुणसूत्रांची शंका आली तर गर्भजल काढून पेशी वाढवायच्या, त्याला आणखी दोन ते तीन आठवडे. म्हणजे शंका मर्यादेच्या अलीकडे आणि खात्री मर्यादेच्या पलीकडे. ज्यांना पैशाची व ओळखीची सोय होती ते घाईने मधल्या चार दिवसांत निर्णय घेत. काहींनी खात्री होण्यापूर्वीच, केवळ शंकेवरून, घेतला असणार. उशिरा नाव नोंदविणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या वा शासकीय रुग्णालयातील सोनोग्राफीची तारीख मिळेपर्यंत थांबलेल्या जोडप्यांना तेवढेही स्वातंत्र्य नव्हते.

हा पेच जाहीरपणे मांडला गेला तो २००८ साली. भाईंदर येथील एका दाम्पत्याला गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे वीस आठवड्यांनंतर कळले. त्यांचे डॉक्टर निखिल दातार यांच्यासह ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. जे.जे. रुग्णालयातील तज्ज्ञांची मते मागविण्यात आली; ती निःसंदिग्ध नव्हती. मर्यादा बदलणे हे विधिमंडळाचे काम आहे, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने ४ ऑगस्ट २००८ रोजी याचिका फेटाळली. काही दिवसांतच त्या स्त्रीचा गर्भपात नैसर्गिकरीत्या झाला. या प्रकरणावर वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली आणि तिच्यात एक बाजू अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी मांडली : व्यंग असलेले आयुष्य जगण्यालायक नाही, असे कायद्याने म्हणावे काय? हा आक्षेप हलका नाही. मात्र चर्चेचा रोख बहुतांशी 'आई अशी कशी?' या प्रश्नाकडे वळला, हे त्या काळातील वातावरणाचे द्योतक होय.

पुढील वर्षांचा तपशील थोडक्यात देता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०१६ रोजी मुंबईतील एका स्त्रीला चोविसाव्या आठवड्यात परवानगी दिली. गर्भाच्या कवटीची वाढ झालेली नव्हती आणि के.ई.एम. रुग्णालयाच्या तज्ज्ञमंडळाने आईच्या जिवालाही धोका असल्याचे सांगितले होते. कॅम्पबेल यांनी १९७२ मध्ये सतराव्या आठवड्यात ओळखलेला हाच दोष. त्यानंतर याचिकांची रांग लागली. प्रत्येक वेळी तज्ज्ञमंडळ, प्रत्येक वेळी निकालाची प्रतीक्षा, आणि आठवडे पुढे जातच होते. डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भाबाबत २८ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याच न्यायालयाने सव्विसाव्या आठवड्यात नकार दिला. कोणत्या दोषाला होकार आणि कोणत्याला नकार, हे याचिका करणाऱ्या जोडप्याला आधी कळण्याचा मार्ग नव्हता.

अखेर २०२१ साली कायदा सुधारला गेला आणि २४ सप्टेंबर २०२१ पासून सुधारणा अमलात आली. विशिष्ट प्रकरणांत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरेसे ठरले. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने निदान केल्यास वरची मर्यादा उरली नाही. मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे, असा नियम झाला. पुढे २० जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बत्तीस आठवडे उलटून गेलेल्या एका प्रकरणात मंडळाचे प्रतिकूल मत बाजूला ठेवले आणि गंभीर व्यंगाच्या प्रकरणात निवडीचा अधिकार त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नाही, असे म्हटले. २००८ च्या निर्णयापासून हे अंतर साडेचौदा वर्षांचे आहे आणि ते मुख्यतः जोडप्यांच्या याचिकांनी तोडले.

नोंदीबाहेरचे

येथे साधनांच्या मर्यादेचा विचार करणे भाग आहे. न्यायालयाच्या दप्तरात ज्यांची कथा टिकली ते सर्व मर्यादा ओलांडल्यानंतर गर्भधारणा थांबवू इच्छिणारे होते. ज्यांनी मर्यादेच्या आत मुकाट्याने निर्णय घेतला, त्यांची नोंद प्रसूतिगृहाच्या वहीत एका ओळीपुरती आहे. ज्यांनी अहवाल वाचून, दोष स्वीकारून मूल जन्माला घातले आणि वाढविले, त्यांना कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागली नाही, म्हणून इतिहासात ते नाहीतच. आणि ज्यांची शंका तीन आठवड्यांनी निराधार ठरली, ज्यांची संख्या बहुधा सर्वांत मोठी असावी, त्यांना स्वतःलाही ती तीन आठवड्यांची गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटत नाही. बारशाच्या दिवशी ती कोण काढणार? थॅलसेमियाच्या बाबतीत निदान संशोधन संस्थांचे अहवाल आहेत. पण त्यांतही जोडपी टक्केवारीच्या रूपाने येतात. चारात एक ही शक्यता तीनदा पुढे येऊन, चौथ्या वेळी पुन्हा परळची लोकल पकडणारी स्त्री त्या तक्त्यात एकदाही दिसत नाही.

मौखिक इतिहासाच्या पद्धतीने हे काम करता येण्याजोगे आहे आणि ते या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. उल्हासनगरच्या छावण्यांतील १९८० च्या दशकातील जोडपी आता साठी-सत्तरीची आहेत. सोनोग्राफीचे पहिले यंत्र गावात आल्याचे पाहिलेले डॉक्टर व परिचारिकाही अद्याप बोलू शकतात. अशा मुलाखतींत गोपनीयतेचा प्रश्न नाजूक राहील. शिवाय विचारणारी स्त्री असेल तर उत्तर वेगळे मिळेल.

लेखी साधनांपैकी एक मात्र या संदर्भात लक्षणीय आहे. लिंगनिदानविरोधी कायद्यान्वये प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी 'फ' नमुना भरावा लागतो. त्यात तिचे वय, पतीचे वा वडिलांचे नाव, आधीच्या मुलामुलींची संख्या व त्यांची वये, तपासणीचे कारण आणि निष्कर्ष यांची नोंद असते. निष्कर्ष कोणाला व कोणत्या तारखेला सांगितला, यासाठीही एक रिकामी जागा असते. नियमानुसार हे नमुने दोन वर्षे जपून ठेवायचे असतात. खटला चालू नसेल तर त्यानंतर ते ठेवण्याचे बंधन केंद्रावर नाही.